छपाईला येण्याआधी: दुरुस्त केलेली फाइल नेमकी कुठे आहे?

प्रबंध असो, सोसायटीचा वार्षिक अहवाल असो की कोर्टाचे कागद, आमच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य एकच: "अहो, हे मी कालच दुरुस्त केलं होतं!" दुरुस्ती खरंच केलेली असते. पेनड्राइव्हवर आलेल्या फाइलमध्ये मात्र ती नसते.

होतं असं, की गाइडनी ईमेलने पाठवलेली वर्डची फाइल तिथल्या तिथेच उघडली जाते. आउटलुकसारख्या प्रोग्रॅममधून थेट उघडलेली फाइल विंडोजच्या एका तात्पुरत्या, सहजी न सापडणाऱ्या फोल्डरमध्ये उतरते. झिप न सोडवता आतली फाइल उघडली तरी तेच. वर पिवळी पट्टी येते, आपण 'एनेबल एडिटिंग' दाबता, दोन तास खपता, कंट्रोल+एस करता. अनेकदा सेव्ह होतंही, पण त्या तात्पुरत्या जागी. डेस्कटॉपवरची जुनी फाइल तशीच राहते आणि आमच्याकडे तीच येते. ब्राउझरमधून एकच फाइल पुन्हा पुन्हा उतरवली तर नावापुढे कंसात १, २, ३ लागत जातं. दुरुस्ती त्यातल्या एकीत असते आणि कोणत्या, ते आठवत नाही.

म्हणून पहिलं अक्षर टाइप करण्याआधी एफ१२ दाबा (काही लॅपटॉपवर एफएन धरून). 'सेव्ह ॲज'ची खिडकी उघडेल. आपलं फोल्डर निवडा, नाव बदला, सेव्ह करा. मग कंट्रोल+एस हवं तितक्या वेळा. नावात 'फायनल' घालू नका, त्याच्यामागून 'फायनल नवीन' येतंच. 'अहवाल-०९-१४' असा महिना आणि तारीख घाला, म्हणजे फाइली क्रमाने लागतात. शंका आली तर फाइल मेनूतलं 'इन्फो' उघडा. नावाखाली फाइलचा पत्ता असतो. त्यात 'टेम्प' किंवा 'कंटेंट.आउटलुक' दिसलं तर लगेच एफ१२.

फाइल सापडतच नसेल तर आधी वर्डमधली 'रिसेंट' यादी बघा, बहुतेकदा तिथे असते. एकदाही सेव्ह न करता बंद केलेली असेल, तर इन्फोमध्येच 'मॅनेज डॉक्युमेंट'खाली 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' आहे. ऑटोरिकव्हर, म्हणजे वर्डची आपोआप जपून ठेवायची सोय, मुळात दर १० मिनिटांनी नोंद घेतं, त्यामुळे शेवटची काही मिनिटं गेली असं समजा.

पेनड्राइव्हवर टाकल्यावर आकार बघा. चित्राच्या कोपऱ्यात बाण आणि आकार एक-दोन केबी, म्हणजे तो नुसता शॉर्टकट. प्रबंध घरीच राहिला.

प्रुफातल्या चुका दुरुस्त करताना माउसचं चाक फिरवत बसू नका. कंट्रोल+जी, पान क्रमांक, एंटर. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पुढे पुन्हा १ पासून क्रमांक असतील, तर सेक्शनही (फाइलचा कितवा भाग ते) सांगावा लागतो: दुसऱ्या सेक्शनचं ४५वं पान हवं तर पी४५एस२ (पी आणि एस इंग्रजी अक्षरांत). फाइल पुन्हा उघडल्यावर शिफ्ट+एफ५ दाबलं की काल थांबलात तिथे पोचता. प्रकरणांना हेडिंग स्टाइल (वर्डमधली शीर्षकाची तयार शैली) दिली असेल, तर कंट्रोल+एफच्या पट्टीत 'हेडिंग्ज'खाली सगळी प्रकरणं दिसतात. नुसतं ठळक केलेलं शीर्षक तिथे येत नाही.

आम्ही वर्डमधून थेट छापत नाही, याचा काहींना राग येतो. पण फॉन्ट किंवा प्रिंटर बदलला की ओळी सरकतात, अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून एफ१२ दाबून 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये पीडीएफ निवडा आणि वर्डची फाइलही सोबत आणा. नमुना पानांवर सही घेतल्याशिवाय आम्ही पूर्ण प्रत काढत नाही. सहीनंतर सापडलेल्या चुकीची पानं नव्या हिशेबात धरली जातात.

हे सगळं करायला वेळ नसेल तर हेडिंग स्टाइल, आपोआप बनणारी अनुक्रमणिका आणि बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास आम्ही लावून देतो. दर काउंटरवर लावले आहेत. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असल्याने त्या महिन्यात गर्दी असते. अहवाल गणपतीआधी दिलात तर प्रूफ दुसऱ्या दिवशी मिळेल.