पीएम सूर्यघर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सोलर अनुदानाचा अर्ज कसा करायचा

पर्यावरणासाठी सरकारची धोरणं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. एक बंदीचं, जसं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर आलं. दुसरं माहितीचं, जसे फ्रिजवरचे स्टार. तिसरं पैशाच्या प्रोत्साहनाचं. घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवायला अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना या तिसऱ्या प्रकारात येते. म्हणून खर्च आधी आपण करायचा, अनुदान मागाहून येतं आणि सगळं कागदाने दाखवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची असते.

अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे कितीही मोठं बसवलं तरी एकूण ७८,०००च. घर स्वतःचं, छत वापरण्याजोगं, घरगुती वीजजोडणी चालू आणि आधी सोलर पॅनेलचं अनुदान घेतलेलं नसावं, एवढीच पात्रता.

अर्जाआधी करंट बिल बघा. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे ते शून्य येत असेल तर सोलरने वाचणार फार थोडं. महिन्याला २०० युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. खरा फायदा अशा घरांना आहे. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. खानापूरकडच्या कौलारू घरांनी वाशांची ताकद आधी तपासून घ्यावी.

आपल्याकडे सर्वात जास्त घोळ नावाचा होतो. मीटर आजोबांच्या नावावर, घर वाटणीत मुलाकडे. बिलावरचं नाव कानडी उच्चाराप्रमाणे, आधारवर वेगळं, पासबुकावर तिसरंच. अर्ज बिलावरच्या नावानेच होतो आणि अनुदान त्याच माणसाच्या खात्यात जातं. तेव्हा आधी हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात मीटर आपल्या नावावर करून घ्या. त्यासाठी घराचा उतारा लागेल. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना ९ आणि ११. वारसाचं प्रकरण असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमतीही जोडावी लागते. हे काम उरकल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल नंबरने नोंदणी करून कर्नाटक आणि हेस्कॉम निवडा. बिलावर आर.आर. नंबर आणि अकाउंट आयडी असे दोन नंबर असतात. इथे अकाउंट आयडी टाकायचा. ताजं बिल जोडा. मंजुरी आली की पोर्टलच्या यादीतलाच विक्रेता निवडा आणि पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या.

पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत, नाहीतर अनुदान नाकारलं जातं. इन्व्हर्टरही मापाचा घ्या: पॅनेल तीन किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर दोनचा असेल तर अनुदान दोनचंच मिळतं.

काम झाल्यावर फोटोसह तपशील पोर्टलवर चढतो, हेस्कॉम तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसवतं आणि कमिशनिंग रिपोर्ट, म्हणजे यंत्रणा चालू झाल्याचा अहवाल, निघतो. त्यानंतर बँक तपशील आणि रद्द केलेला चेक पोर्टलवर टाकून अनुदानाची मागणी करायची. ही पायरी आपणच करायची असते. मीटर फिरू लागला म्हणून पैसे आपोआप येत नाहीत.