मायनर बीबॉप म्हणजे नेमकी कुठली स्केल?

युकुलेले या चार तारांच्या, छोट्या गिटारसारख्या वाद्यासाठी मायनर बीबॉप स्केल (बीबॉप या जॅझ शैलीतली स्वरमाला) शोधायला गेलं की दोन स्केल्स समोर येतात आणि दोन्ही आठ स्वरांच्या असतात. ए हा सा धरला तर पहिली अशी: ए, बी, सी, डी, ई, एफ, एफ शार्प, जी शार्प. म्हणजे ग कोमल, ध दोन्ही आणि नी शुद्ध. दुसरी अशी: ए, बी, सी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी. इथे ग दोन्ही, ध शुद्ध आणि नी कोमल. पहिली मेलडिक मायनरमध्ये (ग कोमल, बाकी शुद्ध) एक स्वर घालून तयार होते, दुसरी डोरियनमध्ये (ग आणि नी कोमल). नुसत्या वर-खाली वाजवल्या तर दोन्ही जॅझच्याच वाटतात. फरक कळतो तो त्यांच्यातून कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, काढताना.

आठवा स्वर घालण्याचं कारण तालात आहे. चार मात्रांच्या बारमध्ये प्रत्येक मात्रेला दोन स्वर वाजवले तर आठ स्वर बसतात. सात स्वरांची स्केल दुसऱ्या फेरीत मात्रेवरून सरकते. आठ स्वरांची सरकत नाही, एकाआड एक तेच चार स्वर मात्रेवर येत राहतात. हे चार स्वर एकत्र वाजवले की एक कॉर्ड, उरलेल्या चारांची दुसरी. युकुलेलेला ताराही चारच, त्यामुळे एकही स्वर गाळावा लागत नाही. पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) स्केलमधून अशाच आलटून-पालटून कॉर्ड्स काढायला शिकवत.

पहिल्या स्केलमध्ये मात्रेवर येतात ए, सी, ई, एफ शार्प: ए मायनर सिक्स. मधले बी, डी, एफ, जी शार्प म्हणजे डिमिनिश्ड सेव्हन. या डिमिनिश्डखाली ई वाजला की ती ई सेव्हन फ्लॅट नाइन होते, म्हणजे ए मायनरकडे परत ओढणारी कॉर्ड. स्केल चढत जाताना आपण घरी येतो, बाहेर पडतो, पुन्हा घरी येतो. जी-सी-ई-ए अशा नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये फ्रेट्स, म्हणजे दांडीवरचे पडदे, असे (आकडे जी तारेपासून):

२-४-२-३, ४-५-४-५, ५-६-५-७, ७-८-७-८, ९-९-८-९

दर पायरीला प्रत्येक तार स्केलमधल्या पुढच्या स्वरावर जाते. एवढ्या कमी कष्टात इतकी भरीव साथ देणारं दुसरं काही मला युकुलेलेवर सापडलेलं नाही.

दुसऱ्या स्केललाही हाच नियम लावू. मात्रेवर येतात ए, सी, डी, एफ शार्प. ही ए मायनर नाहीच, ही डी सेव्हन! ए मायनरचा ई मात्रेच्या मधे पडतो. उरलेले बी, सी शार्प, ई, जी मिळून ई मायनर सिक्स होते, आणि तिच्याखाली ए वाजला की ए नाइन, म्हणजे डीकडे ओढणारी कॉर्ड. ही स्केल डीपासून वाजवून पाहा, सरळ डीची डॉमिनंट बीबॉप, म्हणजे डी सेव्हनवर वाजवायची बीबॉप स्केल, निघते. म्हणून 'मायनर' हे नाव तिला फसवं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रेट्स: २-२-२-३, ४-४-३-४, ५-६-५-५.

गोंधळ टिकून राहतो कारण बोटांत फरक फार थोडा. तर्जनीने दुसरा फ्रेट आडवा दाबा, ए तारेवर मधलं बोट तिसऱ्या फ्रेटवर ठेवा: डी सेव्हन. आता सी तारेवर अनामिका चौथ्या फ्रेटवर टेकवा: ए मायनर सिक्स. वर पाचव्या फ्रेटवरही तसंच, ५-६-५-५ मध्ये ए तारेवर करंगळी सातव्या फ्रेटवर आली की ५-६-५-७. दोन्हीकडे एकच बोट, डीचा ई होतो. त्यात युकुलेलेला खर्ज नाही, म्हणून २-४-२-३ ही एफ शार्प हाफ डिमिनिश्डही असते आणि बेसवर, म्हणजे साथीतल्या सर्वांत खालच्या स्वरावर, डी आला तर डी नाइनही. ती कोण ते बेस ठरवतो.

त्यामुळे चाल ए मायनरवर येऊन थांबत असेल तर पहिली स्केल. ए मायनरमागून डी सेव्हन येऊन जी मेजरकडे निघाली असेल तर दुसरी.

आणि लिहिलेलं असेल ए मायनर सेव्हन, तेही बराच वेळ? मग दोन्ही बाजूला ठेवा. डोरियनमध्ये सी शार्पऐवजी जी शार्प घाला: ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी, जी शार्प. मात्रेवर ए, सी, ई, जी येतात आणि युकुलेलेवर त्या चारही मोकळ्या तारा आहेत. ०-०-०-०, मग १-२-२-२ ही बी मायनर सिक्स, मग २-४-३-३ वर पुन्हा ए मायनर सेव्हन. या शेवटच्या कॉर्डमध्ये ई तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घेतलं की पुन्हा २-४-२-३.