ऑडिओ शौकिनांची परिभाषा

स्पीकर, हेडफोन, ॲम्प्लिफायर, टर्नटेबल असल्या यंत्रांतून येणारा आवाज कसा आहे हे एकमेकांना सांगायला हौशी लोक जी भाषा वापरतात तिला ऑडिओ शौकिनांची परिभाषा म्हणता येईल. वॉर्म, ब्राइट, मडी, टाइट, एअर, साउंडस्टेज हे तिच्यातले नेहमीचे शब्द, आणि कोल्हापुरात त्यांच्या जोडीला भरदार, पिचका, चिरका, घुमणारा, फाटणारा हेही तितकेच चालतात. यातले फार थोडे शब्द मुळात कानाचे आहेत. वॉर्म हा कातडीचा, ब्राइट डोळ्याचा, गोड जिभेचा, मडी तर सरळ पावसाळ्यातल्या रस्त्याचा. कोल्हापुरात 'नाद' हा शब्द तर दोन्हीकडे चालतो, तंबोऱ्याचा पण नाद आणि माणसाला लागतो तो पण नाद, आणि दुसरा लागल्याशिवाय पहिल्यापायी कोण एवढे पैसे घालत नाही.

ही परिभाषा नेमकी कुठनं सुरू झाली यावर एकमत नाही. 'हाय फिडेलिटी' हा शब्दप्रयोग आपण १९२७ मध्ये केला असं एच. ए. हार्टली या ब्रिटिश इंजिनियरने पुढे लिहून ठेवलंय, पण दावा त्याचा स्वतःचाच आणि तोही बऱ्याच वर्षांनंतरचा, त्यामुळे जरा जपूनच घ्यावा लागतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ आणि ग्रामोफोनच्या धंद्यात तो रुळला एवढं नक्की. फिडेलिटी म्हणजे मूळ आवाजाशी इमान, आणि इमान तपासायचं तर माप लागतं, म्हणून हायफायची भाषा आधी आकड्यांची होती: इतके हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) ते तितके हर्ट्झ, विकृती, म्हणजे मूळ आवाजात पडणारी भेसळ, अमुक टक्के. विशेषणांचं पीक आलं ते नंतर. जे. गॉर्डन होल्ट आधी 'हाय फिडेलिटी' मासिकात होता, त्याने १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' काढलं आणि यंत्र नुसतं मोजायचं नाही तर घरी लावून ऐकायचं, मग जे ऐकू आलं ते शब्दांत मांडायचं अशी रीत पाडली. १९७३ मध्ये हॅरी पिअर्सनने 'दि ॲब्सोल्यूट साउंड' सुरू केलं, त्याचा आग्रह असा की कसोटी एकच, खऱ्या जागेत माइकशिवाय वाजणारी खरी वाद्यं. काही जण पिअर्सनला जास्त श्रेय देतात, आणि ऐकायचा निकष ठरवण्यापुरतं ते रास्त पण आहे, पण शब्द गोळा करून प्रत्येकाचा अर्थ बांधून द्यायचं काम होल्टने केलं, त्यामुळे परिभाषेचा जनक म्हणायचं तर त्यालाच म्हणणं बरं.

आवाजाला विशेषणं लावायची खोड मात्र याहून कितीतरी जुनी, आणि तिचा सगळ्यात नीटनेटका पुरावा आपल्याच मुलखातला आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी, साधारण तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाच्या आवाजाच्या चार जाती दिल्यात, खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक, आणि त्या कफ, पित्त, वात अशा प्रकृतीशी जोडल्यात. बोंबक म्हणजे एरंडाच्या दांड्यासारखा, वरून जाड आणि आतून पोकळ. स्वस्तातल्या वूफरचं, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, याहून नेमकं वर्णन सापडायचं नाही. पुढे पंधरा गुण येतात, त्यात मधुर, कोमल, गाढ, घन, स्निग्ध, आणि आठ दोष, त्यात रूक्ष, निःसार, कृश, भग्न. स्निग्धच्या जागी स्मूद, रूक्षच्या जागी ड्राय आणि कृशच्या जागी थिन ठेवलं की आजचं हेडफोनचं परीक्षण तयार होतं. म्हणून शार्ङ्गदेवालाच पहिला ऑडिओ समीक्षक ठरवायचा मोह होतो, पण तो आवरावा. तिथे विषय गळ्याचा आहे, यंत्राचा नाही, आणि दोन्ही परंपरांमध्ये सरळ नातं दाखवता येत नाही. एवढंच म्हणता येतं की ऐकलेलं सांगायची वेळ आली की माणूस कुठल्याही काळात शेजारच्या इंद्रियाकडून शब्द उसने घेतो.

कोल्हापुरात हे उसने शब्द दोन घरांतून येतात. एक घर गाण्याचं. शाहू महाराजांच्या आश्रयाने गायक अल्लादिया खाँसाहेब इथे राहिले, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथलेच झाले, देवल क्लब या गाण्याच्या संस्थेच्या बैठका झाल्या, त्यामुळे आवाज लागला, आवाजात गोलाई आहे, तान दाणेदार आहे ही भाषा गाणं न शिकलेल्याच्या पण कानावरून गेलेली असते. खाँसाहेबांचा आवाज मध्येच बसला आणि परत आला तेव्हा त्यात पहिला गोडवा राहिला नाही असं सांगतात, आणि त्यांची पेचदार, लयीला बांधलेली गायकी त्यातूनच घडली असं काही अभ्यासक मानतात. हे थोडं सोपं स्पष्टीकरण वाटतं, नुसत्या गळ्याच्या अडचणीतून एवढी मोठी शैली उभी राहत नाही.

या घरातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे जवारी, घोडीच्या घडणीमुळे तंबोऱ्याच्या तारेला येणारी झणझणीत गुंज. कोल्हापूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर मिरज, तिथे तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची घराणी आहेत. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिच्यावर एका बिंदूवर टेकत नाही, पृष्ठभागाला घासत कंप पावते, आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवून, त्याला जीवा म्हणतात, हे घासणं नेमकं कुठे व्हावं ते ठरवतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलंय: तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, पडतो ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकूच यायला नकोत, पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते चांगले खणखणीत येतात, कारण ही घोडी. घोडी घासून घासून जवारी खुली केली की वरचे उपस्वर झळकतात, बंद ठेवली की आवाज दबका आणि गोल येतो. शौकिनांच्या ब्राइट आणि डार्कला मराठीत काय म्हणायचं तर खुली आणि बंद जवारी हे बरंच जवळ जातं. तंतोतंत नाही, कारण तंबोऱ्यात उपस्वर वेळेनुसार सरकत जातात आणि ब्राइट स्पीकर आपला कायम ब्राइटच असतो.

दुसरं घर मांडवाचं. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, आत यंत्र कुठल्याही कंपनीचं असू दे. रे डॉल्बीने १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला, म्हणजे शांततेच्या धंद्याचं नाव गावातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाला चिकटलं. हायफायवाले या घराकडे नाक मुरडतात पण शब्दांच्या बाबतीत मांडववाला जास्त काटेकोर आहे, कारण त्याचा प्रत्येक शब्द दुरुस्तीकडे बोट दाखवतो. आवाज फाटतोय म्हणजे ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेला पोचलाय आणि लहरींचे माथे सपाट छाटले जातायत. माइक शिट्टी मारतोय म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतोय. हम येतोय म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंगची भानगड, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तो ५० किंवा १०० हर्ट्झवर घुमतो.

हीच कसोटी हायफायच्या शब्दांना लावली तर काही टिकतात काही नाही. बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, घुमतो, त्याला बूमी म्हणतात, हा टिकतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ध्वनिलहरी भिंतींच्या मध्ये अडकून साधारण ५६ आणि ४७ हर्ट्झवर फुगतात, वर स्लॅब पण दहा फुटांवर असेल तर ५६ वर दुहेरी मार, म्हणून राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये घुमणारी तीच स्पीकरची जोडी शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात सुटसुटीत वाजू शकते, कौलातून आणि लाकडी तक्तपोशीतून बेस निसटून जातो. सिबिलन्स, म्हणजे स-श टोचणं, हाही टिकतो. ही ऊर्जा मुख्यत्वे ५ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास असते, आणि मराठीत चमचा, जग यांतले दंत्य च-ज पण तिथेच घसटतात, त्यामुळे मराठी गाण्यावर ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, तपासणं सोपं जातं. वॉर्म अर्धा टिकतो, मधल्या पट्टीचा खालचा भाग थोडा उचललेला किंवा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरची दुसऱ्या क्रमाची उपस्वरी विकृती, म्हणजे दुप्पट कंपनांचा स्वर मिसळणं, दोन्हीला लोक वॉर्म म्हणतात. साउंडस्टेज म्हणजे कलाकार कुठे बसलाय याचा भास, तो दोन स्पीकरमधल्या वेळेच्या आणि पातळीच्या फरकावर उभा, ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश इंजिनियरच्या १९३१ च्या स्टिरिओ पेटंटपासूनची गोष्ट. पेस आणि ऱ्हिदम हे मात्र ब्रिटिश शौकिनांचं लाडकं प्रकरण, मापात पकडता येत नाही, आणि तबलजीला सांगितलं की स्पीकरला लय आहे तर तो हसेल.

मोठा वाद आहे तो केबल आणि बर्न-इनचा. नवी वायर शंभर तास वाजवली की आवाज खुलतो असं म्हणणारे आहेत, आणि कुठलं यंत्र वाजतंय ते लपवून घेतलेल्या चाचणीत हा फरक ओळखता येत नाही असं म्हणणारे आहेत. दुसऱ्या बाजूचं पारडं जड आहे, त्यातही एक कारण फार साधं, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं तसं आवाजाची पातळी बदलली की कानाला बेस आणि ट्रेबलचं, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचं, प्रमाणच बदललेलं भासतं, म्हणून तुलना करताना दोन्ही यंत्रं ०.१ डेसिबलच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आत जुळवून घ्यायचा प्रघात आहे. दुकानात कोण जुळवत बसतं. एक डेसिबलने मोठं वाजलेलं यंत्र डिटेल्ड ठरतं, आणि गिऱ्हाईक काटा किर्र म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडतं.

हेडफोनवाल्या नव्या पिढीने, कुठली पट्टी किती मोठी वाजते ते दाखवणाऱ्या आलेखावरूनच शब्द काढलेत. बेस आणि ट्रेबल वर, मध्य खाली, की झाला व्ही-शेप. असल्या हेडफोनवर नाट्यगीत लावलं की पखवाज आणि झांज पुढे येतात आणि गाणारा विंगेत जाऊन उभा राहतो.