पुरळ उन्हाचं की क्रीमचं?

मार्च लागला की गोव्यात एकच ऊन दोन तऱ्हेच्या कातडीवर पडतं. कळंगुटच्या वाळूत पहुडलेला परदेशी पाहुणा दुपारपर्यंत लालबुंद होतो आणि त्याच्या बाजूने फळांची पाटी घेऊन जाणारी बाई सकाळी होती तशीच दिसते. हे वर्षानुवर्षं पाहून आपली समजूत पक्की झाली आहे की ऊन बाधतं ते गोऱ्यांना. सावळ्या माणसाला सनस्क्रीन हवं कशाला? गंमत म्हणजे सनस्क्रीनचं शास्त्रही बराच काळ याच समजुतीवर उभं होतं.

उन्हाचा धाक जुनाच. १५८३ मध्ये आर्चबिशपच्या पदरी गोव्यात आलेल्या डच प्रवासी यान व्हान लिन्सखोटेनच्या पुस्तकातल्या चित्रांत पोर्तुगीज सरदार ऐटीत चाललेला असतो आणि नोकर त्याच्या डोक्यावर भली मोठी छत्री धरून असतो. कातडी भाजते ती उन्हाच्या तापाने, असंच तेव्हा मानत. हे खरं नाही, हे १८२० मध्ये एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यविशारदाने स्वतःच्या हातांवर दाखवलं. एक हात उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळं कापड टाकलं. कापडाखाली पारा जास्त चढला, पण भाजला तो उघडा हात. खरा कारणीभूत किरण त्याआधीच, १८०१ मध्ये, जर्मनीत योहान रिटर यांना सापडला होता: जांभळ्या रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील, म्हणजेच यूव्ही. त्यातले नेमके कुठले किरण कातडी लाल करतात याचं पक्कं मोजमाप व्हायला मात्र १९२२ साल उजाडलं. हाउसर आणि फाले यांनी दाखवलं की २९७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण सर्वांत जास्त लाली आणतात.

गोव्यात हे ध्यानात ठेवायलाच हवं, कारण इथली खारी हवा फसवते. दुपारी वारा सुटला की ऊन जाणवत नाही, पण किरण तेवढेच असतात. पणजी साडेपंधरा अक्षांशावर असल्यामुळे मेच्या सुरुवातीला सूर्य अगदी डोक्यावर येतो. वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के, आणि अर्धा मीटर पाण्याखालीही ४० टक्के पोचतात. पातळ ढगांतून तर बहुतेक सगळेच उतरतात.

सनस्क्रीनची क्रीमं १९२८ पासून बाजारात येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तांबडं, चिकट पेट्रोलियम जेली फासायला देत. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर यांनी १९४६ मध्ये हिमनदीच्या नावाची क्रीम आणली आणि पुढे एसपीएफचा आकडा रूढ केला. आपल्या दृष्टीने कळीची गोष्ट ही की हा आकडा लाली मोजतो. क्रीम न लावता कातडी लाल व्हायला जेवढे किरण लागतात, त्याच्या किती पट किरण क्रीम लावल्यावर लागतात, तेवढा एसपीएफ. तोही दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजलेला. घरी आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के लाली आणणारे किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून क्रीम घेणं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावणं जास्त उपयोगाचं.

पण आपली कातडी लाल होतेच कुठे? ती काळवंडते, खाजते, तिच्यावर चट्टे येतात. १९७५ मध्ये बोस्टनच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडीचे प्रकार ठरवले ते गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस देता यावा म्हणून. तपकिरी आणि काळ्या कातडीचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येची कातडी पुरवणीत यावी, याचा परिणाम आजही बाटल्यांवर दिसतो. गालांवरच्या वांगाचंच पाहा. वांग गडद करण्यात यूव्हीएचा, म्हणजे अतिनीलातल्या लांब लहरींच्या किरणांचा, हात असतो, तसाच डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडाचाही असतो, आणि एसपीएफच्या आकड्यात या दोन्हींची नीट दखल नाही. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही येतो. त्यासाठी जपानने १९९६ मध्ये पीए ही वेगळी खूण आणली. तिच्यापुढे अधिकची चिन्हं जितकी जास्त तितकं बरं. दिसणारा उजेड अडवायला मात्र लोहाचं ऑक्साइड असलेली, रंगाची झाक असलेली क्रीमच लागते. वांग असलेल्या बाईने पांढऱ्या क्रीमवर पैसे घालवण्याआधी ही झाक आहे का ते बघावं.

दुसरी तक्रार पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांतली. सोलां, आंबोशी, पापड वाळत घालायला बायका अंगणात बसतात आणि चार-सहा तासांत, कधी दुसऱ्या दिवशी, हातांच्या बाहेरच्या बाजूला आणि मानेमागे बारीक, खाजरे दाणे उठतात. लोक याला घामोळं समजून पावडर थापतात. घामोळं कपड्याखाली, घाम साचतो तिथे येतं. हे दाणे उघड्या जागी येतात आणि बाहीच्या रेषेपाशी थांबतात. ही उन्हाची खरीखुरी अॅलर्जी, आणि आपल्याकडे ती बरीच आढळते. हंगामाच्या पहिल्या कडक उन्हात ती जोर करते, मग कातडी हळूहळू सरावते. लांब बाह्या, वाळवण सकाळी लवकर घालणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम थोडे दिवस लावणं, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

तिसरी गोष्ट हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या हंगामात हमखास दिसते. किनाऱ्यावर उन्हात बसून ग्लासात लिंबू पिळलं, हात तसेच पुसले. एक-दोन दिवसांनी हातावर ओघळांसारखे लाल पट्टे उठतात, कधी फोडही येतात, आणि मग आठवडेच्या आठवडे तपकिरी डाग राहतात. लिंबू पिळलेल्या हातांनी मुलाला उचललं असेल तर त्याच्या पाठीवर चक्क बोटांचे ठसे उमटतात. लिंबाच्या सालीतली सोरालेन गटातली द्रव्यं ऊन लागताच कातडी जाळतात. हेच द्रव्य बावचीत असतं, म्हणून आयुर्वेदात कोडावर बावची देऊन ऊन घ्यायला सांगत. १९४० च्या दशकात कैरोच्या अल मोफ्ती यांनी तिकडच्या एका रानटी वनस्पतीतून तेच तत्त्व काढून कोडावर वापरलं. लिंबाच्या डागांवर इलाज सोपा: हात साबणाने धुवा आणि डाग आपोआप जाईपर्यंत ऊन टाळा. घासू नका, अजिबात नको. घासलं की ते अधिक गडद होतात.

आता क्रीमचं पुरळ. सत्तरच्या दशकात पाबा नावाचा घटक सर्रास वापरत. त्याने अनेकांना अॅलर्जी झाली आणि तो मागे पडला. त्याची जागा ऑक्सिबेंझोनने घेतली, तर सनस्क्रीनच्या अॅलर्जीत त्याचंच नाव वर आलं. पुढे ऑक्टोक्रिलीन आलं. गुडघेदुखीवर चोळायच्या कीटोप्रोफेन जेलने ज्यांना उन्हात चट्टे येतात, त्यांना बरेचदा ऑक्टोक्रिलीनही सोसत नाही. यातली फसवी बाब अशी की काही क्रीमं घरात लावली तर काहीच होत नाही. क्रीम आणि ऊन एकत्र आलं तरच पुरळ उठतं. मग माणूस उन्हाला दोष देतो आणि तेच क्रीम आणखी जाड थापतो. अशांनी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, बिनवासाचं क्रीम घ्यावं. या दोन्हींची अॅलर्जी अगदी क्वचित होते. चेहरा थोडा पांढरट दिसेल, दिसू द्या.

सगळा दोष ऊन आणि क्रीम यांच्यावरही टाकता येत नाही. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक याच महिन्यांत कातडी भाजतात. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबावरची हायड्रोक्लोरोथायझाइड, दुखण्यावरची नॅप्रॉक्सेन अशा गोळ्या चालू असताना थोडं ऊनही बाधतं. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा ध्यानात आलेल्या गाजर गवताच्या कणांनी चेहऱ्यावर, मानेवर जे पुरळ उठतं ते तर हुबेहूब उन्हाचं वाटतं. ओळखायची जागा म्हणजे पापण्या, कानामागची घडी आणि हनुवटीखालचा भाग. ऊन तिथे सहसा पोचत नाही, हवेतले कण पोचतात. तिथेही पुरळ असेल तर संशय गवतावर घ्यावा. गालांवर नाकावरून फुलपाखरासारखी लाली पसरली, सोबत सांधे दुखत असले, ताप येत असला, तर ल्युपसची, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची, तपासणी लांबवू नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरेपणाच्या स्टेरॉइड मलमांनी झालं आहे. ती महिनोन्महिने लावून पातळ झालेली कातडी कोवळं ऊनही सोसत नाही. २०१८ मध्ये केंद्राने अशी अनेक मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी शेजारणीने सुचवलेली ट्यूब अजून घरोघरी सापडते. ती एकदम बंद केली तर चेहरा भडकतो, म्हणून सोडायचीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पुरळ वारंवार येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ फोटोपॅच चाचणी करतात. संशयित घटकांच्या चकत्या पाठीवर दोन ओळींत लावतात, एक-दोन दिवसांनी त्यातल्या एकाच ओळीवर यूव्हीए सोडतात आणि पुढचे दोन-तीन दिवस दोन्ही ओळी ताडून बघतात. फक्त किरण पडलेली ओळ उठली तर दोष ऊन आणि त्या घटकाचा मिळून. दोन्ही सारख्याच उठल्या तर एकट्या घटकाचा. तपासणीला जाताना वापरातल्या सगळ्या ट्यूब, तेलं, जेल आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, आणि पुरळ ताजं असतानाचा मोबाइलवरचा फोटोही, कारण डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत ते बरेचदा मावळलेलं असतं.