पोलीस मनुष्यबळ वाटप (महाराष्ट्र)

राज्याच्या पोलीस दलातील मंजूर पदे, प्रत्यक्ष हजर कर्मचारी, वाहने व इतर साधने वेगवेगळ्या जिल्ह्यांना, आयुक्तालयांना आणि पोलीस ठाण्यांना वाटून देण्याची प्रशासकीय व्यवस्था. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय राज्य सूचीत येतात, त्यामुळे कोणत्या जिल्ह्याला किती पोलीस द्यायचे हा निर्णय राज्य शासनाचा असतो. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा कायदेशीर पाया म्हणजे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम असून त्याचे नाव आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे आहे. पदे गृह विभाग मंजूर करतो, त्यांची वाटणी पोलीस महासंचालकांच्या कार्यालयातून होते आणि जिल्ह्याच्या आत कोण कोठे बसणार हे पोलीस अधीक्षक ठरवतात. जिल्ह्याचे किंवा आयुक्तालयाचे दल पोलीस खात्याच्या भाषेत ‘घटक’ म्हणून ओळखले जाते.

पोलीस पुरेसे आहेत किंवा अपुरे आहेत असे म्हणताना बहुधा दर लाख लोकसंख्येमागे किती पोलीस, हा आकडा पुढे केला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २२२ ही संख्या सुचवली आहे, असे वर्तमानपत्रांतून आणि सभागृहांतून वारंवार सांगितले जाते. मात्र राज्यांवर बंधनकारक असा कोणताही आंतरराष्ट्रीय निकष अस्तित्वात नाही. राज्याच्या एकूण संख्येला लोकसंख्येने भागून येणारा हा आकडा वाटपाबद्दल फारसे काही सांगत नाही, कारण राज्य राखीव पोलीस दल, प्रशिक्षण केंद्रे, गुन्हे अन्वेषण विभाग, बिनतारी संदेश विभाग आणि मुख्यालयातील कर्मचारी हे सगळे त्यात मोजलेले असतात. नागरिकाचा संबंध येतो तो त्याच्या ठाण्यात रात्री दोन वाजता किती माणसे जागी आहेत याच्याशी.

वाटपाचे निकष साधारणपणे लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि दाखल गुन्हे या तीन गोष्टींभोवती फिरतात. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने ग्रामीण भागातील ठाण्याचे क्षेत्र १५० चौरस किलोमीटरपेक्षा मोठे नसावे आणि शहरी ठाण्यासाठी ६०,००० लोकसंख्या ही मर्यादा मानावी, असे सुचवले होते. हे निकष शेजारी ठेवून पाहिले की अडचण लगेच दिसते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार आहे. क्षेत्रफळाच्या मापाने तेथे सुमारे ९६ ठाणी लागतील, लोकसंख्येच्या मापाने १८ पुरतील. मुंबई शहर व उपनगर हे दोन जिल्हे मिळून साधारण ६०३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गडचिरोलीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या मात्र १ कोटी २४ लाख. येथे क्षेत्रफळाने चार ठाणी येतात आणि लोकसंख्येने २०७. प्रत्यक्षात मुंबईत नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत. आयोगाने एक मोजमाप ग्रामीण व दुसरे शहरी भागासाठी दिले होते, हे खरे. पण महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे या दोहोंच्या मधले आहेत. औद्योगिक वसाहत, महामार्ग, तालुक्याचे गाव आणि डोंगरातल्या वाड्या एकाच ठाण्याच्या हद्दीत असतील तर कोणते माप लावावे, याला नियमात सरळ उत्तर सापडत नाही.

तिसरा निकष, म्हणजे दाखल गुन्ह्यांची संख्या, दिसायला सर्वांत न्याय्य आणि वापरायला सर्वांत फसवा आहे. जे ठाणे तक्रार आली की गुन्हा नोंदवते त्याचा आकडा फुगतो, आणि जे तक्रारदाराकडून नुसता अर्ज लिहून घेऊन त्याला परत पाठवते त्याच्या हद्दीत कागदोपत्री शांतता नांदते. आकड्यावर पदे मिळणार म्हटले तर आकडा वाढवण्याचा मोह, आणि आकड्यावरून अधिकाऱ्याची कामगिरी मोजणार म्हटले तर तो दाबण्याचा मोह, असे हे दुहेरी दुखणे आहे. शिवाय दहा मोटारसायकल चोऱ्या आणि एका सहकारी पतसंस्थेतील अपहार यांना लागणारा तपासाचा वेळ सारखा नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले असून सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. त्यामुळे एकेका गुन्ह्यामागे लागणारे मनुष्यतास वाढले.

मंजूर संख्या आणि हाताशी असलेली माणसे यांतील अंतर समजण्यासाठी ठाण्यातील सकाळची हजेरी पाहावी. उदाहरणादाखल तालुक्याच्या एका ठाण्याला साठ पदे मंजूर आहेत असे धरू. काही पदे रिक्त असतात. उरलेल्यांतून कोणी स्थानिक गुन्हे शाखेशी, कोणी सायबर ठाण्याशी, कोणी वरिष्ठांच्या कार्यालयाशी ‘संलग्न’ असतात. त्यांची नावे ठाण्याच्या पटावर राहतात आणि माणसे दुसरीकडे काम करतात. कोणी प्रशिक्षणाला, कोणी वैद्यकीय रजेवर. मग हजेरी मास्तर वही उघडून ड्युट्या वाटू लागतो: एक ठाणे अंमलदार, त्याच्या मदतीला एक, एक बिनतारी संचावर, लॉकअपवर गार्ड, एक न्यायालयात पैरवीला, दोन समन्स-वॉरंट बजावायला, दोघे आरोपीला वैद्यकीय तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात, एक मुद्देमालाकडे, एक क्राईम रायटर म्हणजे गुन्ह्यांची कागदपत्रे लिहिणारा, एक गोपनीय माहिती जमवणारा. एखादा आरोपी जिल्ह्याच्या ठिकाणी हजर करायचा असेल तर ‘कैदी पार्टी’ सकाळीच एसटीने निघालेली असते. वहीचे पान संपते तेव्हा बीटावर, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील नेमून दिलेल्या भागात, पाठवायला जे शिल्लक राहतात त्यांना एका हाताच्या बोटांवर मोजता येते, आणि गस्त ज्यांनी घालायची ते हेच.

चोवीस तास चालणाऱ्या एका जागेला किती माणसे लागतात याचे गणित साधे आहे, तरी पदे मंजूर करताना ते अनेकदा बाजूला पडते. आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणजे तीन माणसे, असे वरवर वाटते. पण प्रत्येकाच्या वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २० किरकोळ रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या तर कामाचे २६३ दिवस उरतात, आणि तीन पाळ्या वर्षभर भरायला चारांहून थोडी अधिक माणसे लागतात. पोलिसांच्या बारा तासांच्या ड्युटीचे मूळ येथे आहे. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात देशभरातील ठाण्यांमधील सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम करत असल्याचे आढळले होते. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. ठाण्यातीलच एका शिपायाने मांडलेली ही योजना तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी उचलून धरली आणि पुढे ती इतर ठाण्यांत नेली. नवीन पदे न मागता, कार्यालयीन कामात अडकलेली माणसे मोकळी करून आणि पाळ्या नव्याने आखून ही सोय करण्यात आली, हे तिचे वैशिष्ट्य. मोठा सण किंवा बंदोबस्त आला की पाळ्या पुन्हा बारा तासांवर जातात, ही तिची मर्यादा.

बंदोबस्त हा महाराष्ट्रातील मनुष्यबळ वाटपाचा सर्वांत मोठा आणि वर्षभर चालणारा भाग आहे. आषाढी वारीला पंढरपूर, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभ, हिवाळी अधिवेशनाला नागपूर, गणेशोत्सवात मुंबई व पुणे, सिंहस्थात नाशिक व त्र्यंबकेश्वर, आणि निवडणुकीत जवळजवळ सर्व जिल्हे अशी ही फिरती मागणी असते. यांपैकी कोणत्याही प्रसंगाला स्थानिक घटकाची माणसे पुरत नाहीत. मग महासंचालक कार्यालयाकडून आदेश निघतो, प्रत्येक घटकाने किती अधिकारी व किती अंमलदार (शिपाई, हवालदार आदी) पाठवायचे ते ठरते आणि गाड्या भरून माणसे निघतात. त्यांची राहण्याची सोय शाळेत, मठात किंवा मंगल कार्यालयात होते. जुने हवालदार बंदोबस्ताची वळकटी कायम बांधून ठेवतात ती यासाठी. या उसनवारीचा हिशेब पाठवणाऱ्या जिल्ह्याच्या बाजूने मांडला तर चित्र वेगळे दिसते. वारीच्या दिवसांत पंढरपूरला गेलेल्यांकडील गुन्ह्यांचा तपास रखडतो, साक्षीच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि मागे राहिलेल्यांच्या रजा बंद होतात. क्रिकेटचे सामने किंवा खासगी कार्यक्रम यांसाठी शुल्क आकारून बंदोबस्त देण्याची पद्धत आहे, परंतु शुल्क तिजोरीत जमा झाल्याने रिकाम्या ठाण्यातले मनुष्यबळ वाढत नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी राज्याकडे तीन पूरक दले आहेत. राज्य राखीव पोलीस दल १९४८ मध्ये उभे राहिले. पुणे, दौंड, जालना, नागपूर, अमरावती, सोलापूर, हिंगोली, धुळे आदी ठिकाणी त्याचे गट असून त्यांच्या कंपन्या मागणीनुसार जिल्ह्यांना दिल्या जातात. मालेगावसारख्या संवेदनशील शहरात या दलाचा मुक्काम नेहमीचा झाला आहे. होमगार्ड संघटनेचा प्रारंभ १९४६ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतातच झाला. तिचे स्वयंसेवक मानधनावर बोलावले जातात. गावपातळीवर पोलीस पाटील हे पद १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार चालते आणि मोठ्या हद्दीच्या ठाण्याला गावातील पहिली खबर बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळते. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांची रिक्त पदे भरेपर्यंत महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० कर्मचारी घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा कंत्राटी पोलीस भरती म्हणून त्यावर टीका झाली.

शहरे वाढली की नवी आयुक्तालये निर्माण होतात, आणि वाटपाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले ते पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दोन घटकांतील ठाणी व माणसे घेऊन. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय २०२० मध्ये ठाणे ग्रामीण व पालघर यांच्यातून निघाले. अशा वेळी ठाण्याची इमारत हद्दीबरोबर आपोआप नव्या घटकाकडे जाते. माणसे तशी जात नाहीत: त्यांच्याकडून विकल्प मागवावे लागतात, ज्येष्ठता यादी नव्याने लावावी लागते, आणि आयुक्तालयाला लागणाऱ्या मुख्यालय, मोटार परिवहन, नियंत्रण कक्ष, वाहतूक व विशेष शाखा यांसाठी पुन्हा ठाण्यांतूनच माणसे काढली जातात.

वाहनांबाबत ग्रामीण भागाची तक्रार जुनी आहे. ११२ या आपत्कालीन क्रमांकावरील हाक नियंत्रण कक्षातून थेट जवळच्या वाहनाकडे जाते, परंतु वाहन एक आणि हद्द दोन घाटांच्या पलीकडे असेल तर उत्तराचा वेळ रस्ता ठरवतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून अलीकडे अनेक जिल्ह्यांनी पोलिसांसाठी वाहने व सीसीटीव्ही घेतले. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, त्यामुळे साधनांचे हे वाटप राज्यस्तरीय निकषांपेक्षा त्या त्या जिल्ह्याच्या आग्रहावर अवलंबून राहते.

बदल्या हा वाटपाचाच दुसरा चेहरा आहे. प्रकाश सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून बदल्यांचे निर्णय घेणारी पोलीस आस्थापना मंडळे स्थापन केली. अंमलदारांसाठी एका ठिकाणी साधारण पाच वर्षे, तर उपनिरीक्षक ते निरीक्षक यांच्यासाठी एका ठाण्यात दोन व जिल्ह्यात चार वर्षे असा कालावधी ठरला. शिपायाची भरती घटकनिहाय होते आणि तो प्रायः त्याच घटकात निवृत्त होतो. स्वतःहून दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागितली तर नव्या घटकात ज्येष्ठता शेवटून सुरू होते. अधिकारी फिरतात, अंमलदार राहतात, अशी ही रचना असल्याने एका जिल्ह्यातील जादा मनुष्यबळ दुसऱ्या जिल्ह्याकडे कायमचे वळवणे जवळपास अशक्य असते.

गडचिरोलीत याचा प्रत्यय येतो. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नक्षलवादी चळवळीमुळे लोकसंख्येच्या तुलनेत पुष्कळ मोठे दल उभे करावे लागले. १९९० मध्ये स्थानिक आदिवासी युवकांना घेऊन सी-६० हे नक्षलविरोधी विशेष पथक तयार झाले, उपपोलीस ठाणी, सशस्त्र दूरक्षेत्रे (चौक्या) व मदत केंद्रे जंगलात आत आत सरकत गेली आणि तेथे काम करणाऱ्यांना दीडपट वेतन मिळू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्येष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवल्यानंतर या दलाचे पुढे काय, हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. पुण्या-ठाण्याला माणसे हवी आहेत. परंतु गडचिरोली घटकात भरती झालेला, माडिया व गोंडी बोलणारा शिपाई तेथे नेता येत नाही आणि नेला तरी त्याचा मुख्य गुण तेथे निरुपयोगी ठरतो. दुर्गम दूरक्षेत्रांमध्ये चालणाऱ्या ‘पोलीस दादालोरा खिडकी’तून आज जातीचे दाखले, आधार व शासकीय योजनांचे अर्ज भरून घेतले जातात, आणि ज्या तटबंद पहारा-चौकीवरून कालपर्यंत पहारा होत होता त्याच्याच शेजारच्या खोलीत हे टेबल मांडलेले असते.