मालकांगोणी ‘उत्तेजक’ कशी ठरली?

खानदेशात थंडी पडली की म्हाताऱ्यांचे गुडघे आधी बोलायला लागतात. ‘गुडघा दुखस’ म्हणत कुणी ओट्यावर बसलं की घरातलं कुणीतरी मालकांगोणीच्या तेलाची बाटली शोधायला लागतं. ही सातपुड्याच्या पानझडी जंगलातली वेल, मोठ्या झाडांच्या आधारानं वर चढणारी. उन्हाळ्यात तिला बारीक हिरवट फुलं येतात. हिवाळ्याकडे पिवळी बोंडं तीन फाकांनी उकलतात आणि आत शेंदरी गरात गुंडाळलेलं बी दिसतं. तेल या बियांचं. त्याच्याबद्दल दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: दुखणं काढतं आणि डोकं तल्लख करतं.

आज फार्मसी कॉलेजात एखाद्या वनस्पतीचा अर्क तपासायला घेतला की वेदनाशामक आणि उत्तेजक या दोन्ही चाचण्या बऱ्याचदा जोडीनं लावतात. मालकांगोणीच्या बाबतीत ‘उत्तेजक’ हा शब्द आला कुठून, हे पाहायला मात्र बरंच मागं जावं लागतं.

आयुर्वेदात हिचं नाव ज्योतिष्मती. चरकसंहितेत शिरोविरेचनाला उपयोगी पडणाऱ्या दहा द्रव्यांची यादी आहे, तिच्यात मिरी, पिंपळी, वावडिंग, शेवगा यांच्याही आधी ज्योतिष्मती येते. म्हणजे नाकावाटे डोकं मोकळं करणारी. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती अतिउष्ण आणि तीक्ष्ण म्हटली आहे, शिवाय अग्नी, बुद्धी आणि स्मृती देणारी. झोप उडवणारी असं तिथं कुठं म्हटलेलं नाही. उष्ण म्हणजे उष्ण. आपल्याकडे बाजरी उष्ण, तीळ उष्ण, गूळ उष्ण. बाजरीची भाकरी खाऊन कुणी रात्रभर जागत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टरांनी देशी औषधांच्या याद्या करायला घेतल्या, तेव्हा हे उष्णपण त्यांच्या भाषेत ‘स्टिम्युलंट’ झालं. त्या काळच्या वैद्यकात हा शब्द भलताच ऐसपैस होता. नाडी चढवणारं, अंगात ऊब आणणारं, घाम काढणारं काहीही त्यात बसे: कापूर, अमोनिया, मिरी, ब्रँडी. मालकांगोणीचं बी लवंग, जायफळ, जायपत्री आणि ऊद यांच्यासोबत बंद भांड्यात जाळून एक काळं तेल काढत. त्याचं लॅटिन नाव ‘ओलियम नायग्रम’. हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टरनं ते पुढं आणलं, ते पाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी या आजारावर. माल्कमसन या डॉक्टरचा बेरीबेरीवरचा प्रबंध 1835 साली मद्रासला छापला गेला, त्यातही या तेलाची चर्चा आहे. दहा-पंधरा थेंब पोटात दिले की काही तासांत घाम फुटतो, एवढ्यावर ते ‘जोरदार उत्तेजक’ ठरलं.

बेरीबेरीचं पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. 1890च्या दशकात आइकमान या डच डॉक्टरनं जावा बेटावर सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले, आणि कालांतरानं तो आजार ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाचा निघाला. 1929चं नोबेल त्यासाठी. काळ्या तेलाची ती ख्याती तिथंच संपायला हवी होती. ‘उत्तेजक’ हे बिरूद मात्र पुस्तकातून पुस्तकात उतरत राहिलं.

विसाव्या शतकात प्रश्न प्रयोगशाळेत गेला. 1931 साली सेन आणि बोस यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावर आणि मनोविकारावरचा उपयोग नोंदवला, 1949 साली मुंबईच्या रुस्तम वकिलांनी तिच्याबद्दल ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात लिहिलं, 1952 साली तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. एका देशी मुळीनं जगाला मन शांत करणारं औषध दिल्यावर आपल्याकडे पुढची सर्पगंधा शोधायची ओढ लागली असणार, असा माझा अंदाज. 1957 साली बी. बी. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी मालकांगोणी तपासली, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच तिला देशी ‘ट्रँक्विलायझिंग’, म्हणजे मन शांत करणारं, औषध म्हटलं. शंभर वर्षांहून अधिक काळ उत्तेजक म्हणून मिरवलेली वेल एकदम शामक झाली!

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. मोजण्याची गोष्ट बदलली होती. आता उत्तेजकपणा घामावरून ठरत नव्हता. ॲक्टोफोटोमीटर नावाच्या पेटीत उंदीर सोडतात, तो फिरताना प्रकाशाचे किरण किती वेळा तुटतात ते यंत्र मोजतं. आकडा वाढला तर उत्तेजक, घटला तर शामक.

वेदनेच्या चाचणीची गंमत याहून नाजूक आहे. 1944 साली वुल्फ आणि मॅकडोनल्ड यांनी मांडलेल्या पद्धतीत उंदराला साधारण 55 अंश सेल्सियसच्या तापलेल्या पाटीवर ठेवतात. तो पाय चाटतो किंवा उडी मारतो तोपर्यंतचे सेकंद मोजायचे, आणि इजा होण्याआधी त्याला उचलायचं. दुसऱ्या पद्धतीत पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचून तो किती वेळा आळोखेपिळोखे देतो ते मोजतात. पण अर्कानं उंदीर नुसता सुस्तावला असेल, तरी तो पाटीवर जास्त वेळ थांबेल. दुखणं कमी झालं की अंग जड झालं, हे पाटी सांगत नाही. म्हणून हालचाल मोजणारी पेटी लागते, आणि फिरत्या दांडीवर तोल राहतो का हेही बघतात. ती दांडीची चाचणीही 1957चीच. मालकांगोणीसारख्या, शामक म्हणून नोंद झालेल्या वनस्पतीत हा ताळा न घेता ‘वेदनाशामक’ लिहिणं म्हणजे निम्मंच काम.

पुढं 1994 साली मालकांगोणीच्या फुलांच्या मिथेनॉल अर्कात वेदना आणि सूज कमी करणारा गुण प्राण्यांवर दिसल्याचं प्रसिद्ध झालं. 1997 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्कोपोलामाइन देऊन विसराळू केलेल्या उंदरांवर बियांचं तेल वापरलं, आणि वाट लक्षात ठेवण्यात पडलेली त्यांची तूट भरून निघाली. भावप्रकाशातल्या ‘स्मृती’ शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग हाच. त्यातही उंदीर उत्तेजित झाला का, हा मुद्दाच नव्हता.

आता एखाद्या विद्यार्थ्यानं सातपुड्यातली वेल घेऊन हे काम पुन्हा करायचं म्हटलं, तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी हवी आणि वनस्पतीची ओळख पटवणारा वाळवलेला नमुना जपून ठेवायला हवा. त्याला फुलं हवी असतील तर उन्हाळ्यात जंगलात जावं लागेल, बी हवं असेल तर हिवाळ्यात. आणि गावातल्या बाटलीतलं तेल तर कुणी पीतच नाही. ते कोमट करून अर्धा तास गुडघ्यावर चोळतात. चोळणाऱ्या हाताचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे वेगळं करायचं तर एका गुडघ्यावर मालकांगोणीचं आणि दुसऱ्यावर साधं तिळाचं तेल तेवढ्याच वेळ चोळून बघावं लागेल, कुठल्या बाटलीत काय आहे ते चोळणाऱ्यालाही न सांगता.