काच लावली की रंग उडत नाहीत?

"चित्राला काचेची फ्रेम करा, रंग कधीच उडणार नाहीत," असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. काच धूळ अडवते, म्हणून ते पटतंही. पण साधी काच अतिनील किरणांचा बराच भाग आत सोडते, आणि दिसणारा उजेड तर जवळजवळ सगळाच. जलरंग या दोन्हींमुळे फिके पडतात.

घरीच बघा. लाल घोटीव कागदाची पट्टी अर्धी काचेखाली, अर्धी जाड पुठ्ठ्याखाली ठेवून महिनाभर उन्हाच्या खिडकीत राहू द्या. काचेखालचा लाल फिका झालेला दिसेल.

फ्रेमवाल्याकडे यूव्ही काच (अतिनील किरण अडवणारी) जरूर मागा, तरी चित्र उन्हाच्या भिंतीवर नकोच. आणि चित्र व काच यांच्या मधे माउंट हवा, म्हणजे कागद काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट. पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद सोडवताना रंग काचेवरच राहतो.